आत्याची मुलाखत

तुम्हाला खरं सांगते, बी.ए.ला असताना मॅडमनी घरातल्या मोठ्या माणसाची मुलाखत लिहायला सांगितली, अन् मी आत्याची मुलाखत आत्याला न विचारताच एआयकडून लिहून घेतली. मॅडमनी ती वाचली आणि एवढंच म्हणाल्या, "आत्यांना वाचून दाखव. त्यांची सही घेऊन ये."

आत्या तीर्थपुरीला अंगणवाडीसेविका आहे. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मंग म्हणाली, "बाई चांगली हाय. पण कोन हाय ही?"

मी म्हटलं, "चुकलं माझं, आत्या. आता तूच सांग."

मंग ती दोन तास बोलली. चाळिशीत ती सायकल शिकली अन् पहिल्याच दिवशी मोसंबीच्या बागेत जाऊन पडली, हे मला माहीतच नव्हतं.

या वेळी मी स्वतः लिहिलं. एआयकडून फक्त शुद्धलेखन तपासून घेतलं, तशी नोंदही शेवटी केली. त्यानं आत्याचं "मी सायकल शिकून राह्यल्ते" हे बदलून "मी सायकल शिकत होते" केलं. मी ते परत होतं तसं लिहिलं. आत्यानं खुशीत सही केली.

मॅडमनी नेमकी त्याच वाक्याखाली रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, "आता भेटल्या तुझ्या आत्या."