वाइनोचा उजवा हात

वाइनो : ...म्हणून मी म्हणतो, पंच बाई, मुळात तुमचा प्रश्नच चुकीचा आहे. हात खांद्याच्या वर का नेला, असं तुम्ही विचारता. नेला असता तर सांगितलं नसतं का?

सातू : वाइनो, तुम्ही आधी बसाल का?

वाइनो : उभ्यानं उत्तर देणारा माणूस खोटं बोलत नाही. आमच्या सावो प्रांतात असंच मानतात.

इर्या : सावोत असं कुणीही मानत नाही. बस.

सातू : आणि आपण?

इर्या : इर्या पुर्सिआइनेन. तेर्वास माझा घोडा. त्याची ट्रेनर मी, आणि ह्याची बायको. त्यातलं पहिलं काम सोपं आहे.

सातू : बरं. ट्रेनरला चौकशीत बसायचा हक्क आहे. मी सातू हिर्वेला, आजची मुख्य पंच. तर पुन्हा सांगते. आत्ता झालेल्या दुडक्या चालीच्या गाडीशर्यतीत, शेवटचं वळण संपल्यावर, वाइनोंनी उजव्या हातातला लगाम सोडला आणि चाबूक डोक्यावरून आणून घोड्याच्या पाठीवर मारला. एकदा नव्हे, रेषा येईपर्यंत. नियम असा की दोन्ही हातांत लगाम हवेत, चाबूक फक्त मनगटानं हलवायचा आणि हात खांद्याच्या वर जाता कामा नये.

वाइनो : गोमाशी होती.

सातू : काय?

वाइनो : गोमाशी. तेर्वासच्या पाठीवर बसली होती. ही एवढी. मी तिला मारत होतो. गोमाशी मारायला बंदी आहे का तुमच्या नियमात?

सातू : रेषेपर्यंत तीच गोमाशी?

वाइनो : चिवट असतात आमच्याकडच्या.

सातू : याला दोन आठवड्यांची बंदी आहे.

वाइनो : कुणाला? गोमाशीला?

सातू : तुम्हाला. आजपासून.

इर्या : अगं पण पुढच्या रविवारी फायनल आहे! आज तिसरा आला म्हणून कसाबसा पोचलाय तेर्वास तिथं. सोळा वर्षांचा झाला तो, पोरी. नवं वर्ष लागलं की नियमानं त्याचं पळणं बंद. ही त्याची शेवटची शर्यत आहे.

सातू : घोडा पळू शकतो, इर्या. बंदी घोड्याला नाही. फक्त गाडी वाइनो हाकणार नाहीत.

वाइनो : मग कोण हाकणार? तुम्ही? शर्यतीत माझ्याशिवाय तो कुणाचं ऐकत नाही. दुसरा माणूस गाडीवर बसवलात तर तेर्वास मैदानाच्या मधोमध उभा राहून गवत खाईल. फायनल म्हणजे काय, चरायला सोडलेला घोडा बघायला लोक तिकीट काढणार?

सातू : नियम सगळ्यांना सारखा आहे.

वाइनो : नियम! माझा बाप याच मैदानावर हाकायचा. तेव्हाच्या पंचांना घोड्याचं तोंड कुठल्या टोकाला असतं एवढं कळलं तरी लोक त्यांच्यासमोर टोपी काढायचे. आता हेल्सिंकीहून माणसं येतात आणि माझं कोपर मोजतात.

सातू : मी हेल्सिंकीची नाही. इथल्या जवळच्याच कुओपिओची आहे.

वाइनो : इथून सारखंच दिसतं ते. बरं, गोमाशी राहू दे बाजूला.

सातू : गोमाशी तुम्हीच आणलीत.

वाइनो : मीच नेतो. आता शेवटचं आणि खरं सांगतो. माझा उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही. सहा हिवाळे झाले. माळ्यावरून गवत काढताना शिडी सरकली, खांदा निखळला, तेव्हापासून हा बघा, इथवर येतो आणि थांबतो. जो हात जातच नाही तो नेला म्हणून शिक्षा देता तुम्ही मला. पांगळ्याला नाचला म्हणून दंड करण्यापैकी आहे हे.

सातू : याला काही पुरावा?

वाइनो : ही बसली आहे ना. विचारा हिला. ही खोटं बोलत नाही, मला तर त्याचा त्रासच होतो.

इर्या : खरं आहे ते, पोरी. हात वर जात नाही त्याचा.

सातू : अगदीच नाही?

इर्या : तू मला विचारतेस? छपरावरचा बर्फ कोण पाडतं? मी. बर्चची लाकडं कोण फोडतं? मी. वसंतात सगळ्या सतरंज्या तळ्यावर नेऊन दांडीवर टाकून झोडपते कोण? मी, आणि हा धक्क्यावर बसून सांगतो, मधला भाग राहिला. कोट घालताना बाहीत हात मी घालते. चर्चला जायच्या आधी भांग मी पाडते. सौनात पाठीवर बर्चच्या डहाळ्या मारून घ्यायच्या तर त्याही मीच मारते, माझ्या पाठीवर मारायला कुणी नाही. माझा भाऊ गेला तेव्हा शवपेटी उचलायला एक माणूस कमी पडला. मी उचलली. काळ्या बुटांत, चिखलातून.

वाइनो : मी बाजूनं चालत होतो.

इर्या : चालत होता. मान खाली घालून. बिचाऱ्याला किती वाईट वाटलं असेल.

सातू : मला... मला हे ठाऊक नव्हतं. माफ करा, वाइनो.

वाइनो : असू दे. तरुण आहात.

सातू : मी दुर्बिणीतून पाहिलं, ऊन समोर होतं. माझीही चूक होऊ शकते. पण मासेमारी? मघाशी कुणीतरी म्हणालं, तुम्ही गळ टाकून मोठमोठे पाईक मासे काढता.

वाइनो : खालून टाकतो.

सातू : खालून?

वाइनो : खालून. कमरेतून. माशांना फरक पडत नाही.

सातू : ठीक आहे. तरीही एकदा फिल्म बघावी लागेल. मैदानाच्या कॅमेऱ्याची. आत्ताच आणून दिली आहे. ती बघितली की प्रकरण मिटलं.

वाइनो : फिल्म कशाला?

सातू : तुमच्याच बाजूनं पुरावा होईल.

वाइनो : नको, नको. तुम्ही म्हणालात ना, दोन आठवडे? घेतले. पंचांचा मान राखला पाहिजे. तीन द्या.

सातू : तीन?

वाइनो : चार द्या. मला शिस्त आवडते. चल इर्या, सॉसेजच्या टपरीवर गर्दी व्हायच्या आत पोचू.

इर्या : वाइनो, खाली बस. एवढं साधं असू नये माणसानं! अधू हाताचा माणूस, वर खोटा आळ, आणि हा म्हणतो चार आठवडे द्या. असा आहे हा, पोरी. कुणाला दुखवायचं नाही. लाव ती फिल्म. अगदी मोठी करून लाव.

वाइनो : इर्या, मी तुला मनापासून सांगतो—

इर्या : तू गप्प. तुझ्यासाठी मी भांडते.

(पडद्यावर फिल्म लागते. खोलीत फक्त टापांचा आवाज.)

इर्या : परत लाव.

सातू : सुरुवातीपासून?

इर्या : वळणापासून.

सातू : ...हं. हे वळण.

इर्या : थांबव. इथंच. हा हात कुणाचा आहे?

वाइनो : फार लांबून घेतलंय. धूसर आहे.

इर्या : बाहीला मी लावलेलं ठिगळ दिसतंय, वाइनो.

सातू : आणखी मोठं करू?

वाइनो : नको.

इर्या : कर.

सातू : हात... खांद्याच्या बराच वर आहे. टोपीच्याही वर.

इर्या : छताला रंग देता येईल एवढा वर आहे.

वाइनो : अगं, तुला आनंद नाही झाला? नवऱ्याचा हात बरा झाला!

इर्या : कधी?

वाइनो : आत्ताच. वळणावर. काहीतरी कट्‌कन वाजलं आणि मला एकदम मोकळं वाटलं.

इर्या : वर कर.

वाइनो : आता?

इर्या : आता.

वाइनो : ...गेला बघ परत. इथवरच येतो. चमत्कार टिकत नाहीत गं.

सातू : हा विषय खरं तर या चौकशीच्या कक्षेत येत नाही.

इर्या : आण कक्षेत.

सातू : तसा नियम नाही.

इर्या : मग नियम करा! सहा हिवाळे मी छपरावर काढले, पोरी. कमरेला दोर बांधून. हा खाली अंगणात उभा, हातात कॉफी, आणि बोटानं दाखवायचा, तिकडं धुराड्यामागं राहिलाय.

सातू : कुठल्या हाताच्या बोटानं?

इर्या : डाव्या. तेवढी अक्कल आहे त्याला.

वाइनो : बरं! जातो वर! हा घ्या, गेला! बघा दोघी. पण पहिला हिवाळा खरंच दुखत होता, देवाशपथ. मग एक दिवस दुखायचा थांबला. तेव्हा तू छपरावर होतीस, आणि इतकं सुंदर काम चाललं होतं तुझं. एका रेषेत बर्फ पडत होता. म्हटलं, मोडता कशाला घालायचा.

इर्या : पाच वर्षं?

वाइनो : अशा गोष्टी सांगायला वेळ साधावी लागते. साधली नाही.

सातू : म्हणजे आरोप मान्य आहे?

वाइनो : मुळीच नाही! हात वर जातो एवढं मान्य. पण माझा हात आहे, माझा चाबूक आहे, आणि माझ्या घोड्याला कधी—

इर्या : माझ्या.

वाइनो : तिच्या घोड्याला कधी मारायचं ते मला कळतं. तुमच्या नियमापुढं मी वाकणार नाही. हेल्सिंकीला जाईन, वरच्या पंचांकडं जाईन.

सातू : जरूर जा. फिल्म सोबत देईन.

इर्या : पोरी, ती पुढं सरकव जरा. हळूहळू. वाइनो, इकडं ये. हात बघू नकोस. हातावर घरी बोलू, हिवाळाभर बोलू. कान बघ.

वाइनो : कान?

इर्या : तेर्वासचे. वळणावर पुढं आहेत, बघ. खुशीत पळतोय. दुडकी कशी एकसारखी पडतेय. आता तुझा पहिला फटका. बघ, कान मागं पडले. मानेला चिकटले. आणि पाऊल अडखळलं. आणखी थोडं असतं तर दुडकी सोडून चौखूर उधळला असता आणि नियमानं बादच झाला असता. तो दुसरा होता, वाइनो. तू मारायला लागलास आणि तिसरा झाला.

वाइनो : मागून तो तांबडा घोडा येत होता.

इर्या : येऊ दे ना.

वाइनो : येऊ दे कसं? तिसऱ्याच्याही खाली गेलो असतो तर फायनल गेली असती.

इर्या : मग? तेर्वासला फायनल कळते? त्याला सफरचंद कळतं.

वाइनो : मला कळते! मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. हा घोडा थांबला की मला दुसरा घोडा कोण देणार आहे? तू सांग, कोण देईल? माझ्याबरोबर हाकणारे होते ते सगळे आता कठड्याला टेकून उभे असतात आणि एकमेकांना सांगतात, आपण असतो तर काय केलं असतं. मला नाही टेकायचं त्या कठड्याला. म्हणून मारलं. लिहा तुम्ही हे, पंच बाई. सही करणार नाही, पण लिहा.

सातू : ...लिहिलं. दोन आठवडे.

वाइनो : मघाशी चारही चालले असते.

सातू : दोनच. इर्या, मला माफ करा, पण फायनलसाठी दुसऱ्या कुणाचं तरी नाव आत्ता द्यावं लागेल.

इर्या : माझं घे.

वाइनो : तुझं?

इर्या : सहा वर्षं रोज सकाळी त्याला कोण जुंपतं? तुला गळपट्टा उचलता येत नव्हता ना. जंगलातून फेरी मारून कोण आणतं? तू फक्त रविवारी टोपी घालून गाडीवर बसतोस. माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही म्हणे! त्याला वाटत असेल, रविवारी हा कोण पाहुणा येतो.

सातू : तुमच्याकडं शर्यतीत हाकायचं लायसन्स आहे?

इर्या : दर वर्षी नवं करते. आता तुझ्या त्या यंत्रात बघ, मिळेल.

सातू : ...आहे. चालू आहे.

वाइनो : तू मला सांगितलं नाहीस.

इर्या : अशा गोष्टी सांगायला वेळ साधावी लागते.

वाइनो : शर्यतीत हाकून किती वर्षं झाली तुला? शेवटची शर्यत तरी आठवते?

इर्या : तुला हरवलं होतं ती. त्याच उन्हाळ्यात तू मागणी घातलीस.

वाइनो : मैदान ओलं होतं तेव्हा.

इर्या : दोघांनाही ओलं होतं.

सातू : चाबूक घेणार का? आधी सांगावं लागतं.

इर्या : नाही.

वाइनो : वेडी आहेस का? चाबकाशिवाय फायनल? लोक हसतील.

इर्या : हसू देत. मी छपरावर असताना अख्खं गाव हसत होतं, मला वाटायचं बाई छपरावर चढली म्हणून हसतात. चल, उठ. त्याला पाणी दाखवायचंय.

वाइनो : थांब. नीट ऐक मग, उगाच माझं नाव घालवू नकोस. सुरुवातीला आत घुसू नको, चाकाला चाक घासलेलं त्याला खपत नाही. बाहेरून घे. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला तो आळस करेल, करू दे, श्वास घेतोय तो.

इर्या : ठाऊक आहे मला.

वाइनो : आणि शेवटचं वळण सुटलं की त्याच्याशी बोल. काहीही बोल, बटाट्यांबद्दल बोल. आवाज ऐकला की तो आपणहून ओढतो. असा ओढतो की गाडी हलकी लागते.

इर्या : हे तुला ठाऊक होतं?

वाइनो : पहिल्या शर्यतीपासून.

इर्या : मग आज का नाही बोललास?

वाइनो : तोंड उघडलं होतं मी. आवाजच फुटला नाही.