शेंदरी शर्टावरचा डाग

पासपोर्टच्या फोटोसाठी थांबलेल्या रादोस्लावचे कान प्लॉवदिवच्या त्या दुकानात काउंटरकडेच लागले होते. काळ्या कपड्यांतल्या एका बाईंनी नवऱ्याची रंगीत निगेटिव्ह आणली होती. तिथल्या रिवाजाप्रमाणे दारोदार चिकटवायच्या निधनाच्या पत्रकावर त्याचा कृष्णधवल फोटो हवा होता. काउंटरवरच्या पोराने तो पडद्यावर काढून दाखवला.

“कॉलरवर हा काळा डाग कसला रे?”

“काकू, कृष्णधवल करताना आमचा स्कॅनर फक्त हिरवा रंग वाचतो. त्यात लाल ते काळं पडतं.”

“शर्ट तर शेंदरी होता.”

“शेंदरी नुसता राखाडी होतो, लाल काळं. म्हणून तर रंगीत फोटोत ओठांचा ठसा लपला होता.”

“कुणाचे ओठ?”

“लिपस्टिक आहे, काकू. तुमचीच असेल.”

“मी जन्मात लावली नाही.”

“पुसून टाकतो.”

“राहू दे. चाळीस प्रती काढ. आमच्या इमारतीत लिपस्टिक एकटी रुमियाना लावते. पहिली प्रत तिच्या दारावर.”