शिवेवरचा गाळ

(पांझरेचा पाट, दोन गावांची शीव. १९६०, दसऱ्यानंतरचा आठवडा. वरच्या गावचे मोतीलाल आबा आणि खालच्या गावचा त्यांचा मेहुणा झुलाल एकमेकांकडे पाठ करून बसलेत. पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षं अबोला. मधे दोन्ही गावांना पाणी वाटणारा पाटकरी, वना.)

झुलाल : वना, तुना आबाले सांग, गहू पेराना टाईम निंघी चालना. पाटमा थेंब नही.

वना : आबा, तो म्हनस—

मोतीलाल : ऐकलं. त्याला सांग, आमच्या हद्दीतला गाळ आम्ही नियमाप्रमाणे काढला.

झुलाल : काढा ना, आनि मन्ही शिवमा टाकी दिना. इचार त्याले, गाळ शे का सासरवाडीले आहेर?

मोतीलाल : सांग त्याला, शिवेपलीकडचं साफ करणं त्यांचं काम.

वना : आबा, आते मी मन्हं सांगस. गाळमुळे पानी पुढे जात नही, म्हनीसन मांगे फिरनं. तुमना भुईमूगमा घोटाभर उभं शे.

मोतीलाल : तुला विचारलं का ते?

झुलाल : बुडना? बरं व्हयनं.

वना : मांगला महिनामा मास्तरनी पेपर वाचा. हिंदुस्थान-पाकिस्ताननी सिंधू नदीना पानीना करार कया. आठ-नऊ वरीस भांडनात. मंग मधमा बँक बसनी, तवय सह्या व्हयन्यात.

झुलाल : बँक? गहान काय ठेवं?

मोतीलाल : त्याला सांग, जागतिक बँक आहे ती. तिथे कोणी बैल बांधायला जात नाही.

वना : आठे, ह्या पाटवर, बँक मी. बिडीबी मन्हीच फुकी राहिनात दोन्ही. मन्ही अट एकच : दोन्ही गावना मानसं, एकच दिन, बठ्ठा गाळ बाहेर.

मोतीलाल : पहिलं फावडं खालच्यांचं.

झुलाल : वरलासनं.

वना : पहिलं मी मारस. आते बोला.

मोतीलाल : त्याला विचार, कधी.

झुलाल : उद्या सकाय. पन मन्ही बी एक अट शे.

वना : सांग, सांगस मी त्यासले.

झुलाल : तू ऱ्हाऊ दे, वना. दाजी, दोन भाऊबीजा गयात, माले ओवाळनारं कोनी नही. गाळ राहू द्या मन्ही शिवमा, मी एकला काढसू. यंदा अक्काले धाडा.

मोतीलाल : गेल्या दिवाळीला भरलेली पिशवी तिने अजून खुंटीवरून काढली नाही, झुलाल.