महारुद्ररावांचा कडक प्रश्न

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष व आपल्या कबड्डी मंडळाचे आधारस्तंभ माननीय दत्तराव, व्यासपीठावरील मान्यवर, एकोणतीस वर्षं पेपरात खेळाच्या बातम्या लिहून आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती महारुद्रराव, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना रामकृष्णहरी.

मी राजेश्री, झरी गावची. मंडळाची वही लिहिते. शिक्षण दहावी, त्यामुळं मोठं बोलता येत नाही. शब्द वाया घालवायचीही सवय नाही.

आधीच्या वक्त्यांनी महारुद्ररावांच्या कडक प्रश्नांचं लय कौतुक केलं. म्हणाले, त्यांच्यासमोर पैलवानालाही घाम फुटायचा. खरं आहे. माझ्या पोरीला, अपेक्षालाही फुटला होता. ती सतरा वर्षांची आहे, एवढंच.

गेल्या महिन्यातला अंतिम सामना, परगावी, त्याच यजमान गावाच्या पोरींशी. आपल्या पोरी पुढं होत्या. शेवटची पाच मिनिटं अपेक्षा चढाईला जायची आणि कुणाला न शिवता परत यायची. सामना गेला. ती वाकून दम खात उभी होती, तेवढ्यात महारुद्ररावांनी तोंडासमोर मोबाईल धरला. "मुद्दाम हरलीस का? कुणाच्या सांगण्यावरून?" ती गप्प. परत विचारलं. परत गप्प. सकाळी मथळा आला, 'अपेक्षा निरुत्तर'. तो व्हिडिओ आमच्या दूधवाल्यानंही मला दाखवला.

आता तुम्हाला वाटेल, ही बाई म्हणणार, पोरीबाळींना असं विचारू नये. नाही. प्रश्न रास्त होता. माझी पोर मुद्दामच हरली.

आपला रिवाज इथं कुणाला ठाऊक नाही? ज्या गावात सामने, जिंकल्याची ढाल त्याच गावाला. गाव मांडव घालतं, दोन दिवस सगळ्यांना जेवू घालतं, म्हणून त्याचा मान ठेवायचा. मध्यंतरात आपल्या मंडळाचे अध्यक्ष स्वतः पोरींना तसं सांगून येतात. महारुद्रराव, अकरा वर्षं तुम्ही त्याच पंगतीला आहात. त्या दिवशीही दत्तरावांच्या मांडीला मांडी लावून बसलात, बुंदी दोनदा मागून घेतलीत. मंडळाकडून वाढायला मीच होते. उत्तर तुमच्या शेजारी जेवत होतं. मग प्रश्न एवढ्या लांब मैदानात कशाला नेलात? पोरगी पेपरला जाहिरात देत नाही, म्हणून?

एकोणतीस वर्षांत खुर्चीवरच्या एखाद्या माणसाला तुम्ही घाम फोडल्याचं कुणी पाहिलं असेल, तर हात वर करा.

बरं.

पुढं चौकशी समिती बसली. दत्तराव घरी आले. "वैनी, पोरीला उगी बसाया सांगा. महिनाभरात समदे इसरतेत." अपेक्षा तर खरं सांगायला निघाली होती. मीच तिला देवघरात नेलं, समईवर हात ठेवायला लावला. मीच म्हणाले, "मोठ्या माणसाचं नाव काढायचं न्हाई. शपथ हाय तुला."

"आई, मग मलाच चोर म्हणतील की गं."

"म्हणू दे. देव बघायलाय."

देवानं पाहिलं. राज्याच्या संघातून तिचं नाव गळालं. कारण लिहिलं, संशयास्पद खेळ. तेव्हापासून ती खेळाचे बूट घालत नाही, आणि माझ्या हातचं घेताना माझ्याकडं बघत नाही. महारुद्ररावांनी तिला एकदा गप्प केलं, मी दुसऱ्यांदा. माझा अपराध मोठा, हे मी इथं सगळ्यांदेखत कबूल करते.

नाव गळाल्याविरुद्ध आम्ही अपील केलंय, सोमवारी त्याची शेवटची सुनावणी आहे. पोरींना कुणी सांगितलं, हे समजलं तरच ती पुन्हा खेळेल. आज सकाळी देवापुढं नाक घासून ती शपथ मी माघारी घेतली.

अपेक्षा, ये बाई वर.

महारुद्रराव, नोकरीचा शेवटचा दिवस आहे. मोबाईल चालू करा आणि तोच प्रश्न तिला पुन्हा विचारा. दत्तराव, उठू नका. तुमचं अध्यक्षीय भाषण व्हायचंय अजून.

मला बोलू दिलं, मंडळाचे आभार. अधिक-उणं काही निघालं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या. माइक माझ्या मुलीकडं देते.