धावलं तर काय काय गळतं

बूट-चपलांच्या दुकानात एक शिक्षिका सॅन्डल घालून बघत होती. शेजारी दोघी बहिणी येऊन बसल्या. थोरलीने धावायचे बूट चढवले, तशी धाकटी सुरू झाली. शिक्षिका पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत ऐकू लागली.

“ताई, धावून गर्भाशय खाली सरकतं म्हणे.”

“माझं केव्हाच काढून टाकलंय. आता सरकायला आहे काय तिथे?”

“मग गुडघे जातील.”

“आई कुठे धावायला गेली होती? तिचे कसे गेले?”

“गाल लोंबतात, बाई.”

“लोंबू देत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, त्यांना थोडे दणके हवेत. आईसारखं खुबा मोडून अंथरुणात पडायचं नाहीये मला. तूही घे एक जोड.”

“मी नाही बाई.”

“का? तुझं तर सगळं जागच्या जागी आहे.”

“हळू बोल ना! अगं, मी नुसती शिंकले तरी थेंब गळतात. धावले तर तळं साचेल.”

“एवढंच? माझेही गळायचे. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायाम शिकवला, हळूहळू थांबलं.”

“कसला व्यायाम?”

“लघवी अडवताना आवळतेस ना, तसं आवळायचं, धरायचं, सोडायचं. बसल्या बसल्या. कुणाला पत्ता लागत नाही.”

“असं?”

“भुवया नको गं आवळूस! आणि श्वास घे.”

धाकटी खुदकन हसली आणि लगेच घट्ट पाय जुळवून बसली.

शिक्षिकेने पर्स मिटली आणि ती थोरलीकडे सरकली.

“ताई, धरून किती वेळ ठेवायचं? मी मघापासून सोडलेलंच नाही.”