चिदानंद अरस यांना ग्रुपमधून काढल्याबाबत

मी, देचम्मा बेळ्ळियप्पा, वय ४९ वर्षे, धंदा खाजगी कंपनीत नोकरी (संगणक विभाग), राहणार गोकुळम, म्हैसूर, आज २० फेब्रुवारी रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर नवऱ्यासह राहते. मुलगी लग्न होऊन मडिकेरीस असते. हवालदार रंगस्वामी जबाब लिहून घेत आहेत. त्यांना मी आधीच सांगितलं आहे की भाषा गुळगुळीत करू नका, मी बोलते तसंच लिहा.

चिदानंद अरस, वय ५१, हे माझ्याच कंपनीत तपासणी विभागात आहेत. दुसऱ्यांनी केलेला प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो आणि बरीच वर्षं कंपनीच्या एकाच बसने जात-येत होतो. माणूस मवाळ. कँटीनच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तर हेच मागे सरकून त्याला जागा देतात. त्यावरून मी त्यांना पुष्कळ बोलले आहे. "अहो अरस, देवाने तोंड दिलंय, वापरा की जरा!" ते म्हणायचे, "माझ्या वाटचं तुम्ही बोलता ना देचम्मा, मग मी कशाला दमू?"

माझं काम काय, असं हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, कंपनीतल्या प्रत्येक माणसाचं नाव संगणकात एका ठिकाणी नोंदलेलं असतं, त्याला डिरेक्टरी म्हणतात. ते नाव वेगवेगळ्या ग्रुपमध्ये घालावं लागतं. फाटकाचा ग्रुप वेगळा, गाडीतळाचा वेगळा, मेलचा वेगळा, टीमच्या चॅटचा वेगळा. फाटक माणसाला ओळखत नाही, ग्रुपला ओळखतं. नाव ग्रुपमध्ये असलं तर कार्ड लावल्यावर हिरवा दिवा लागतो, नसलं तर लाल. नावं घालणं आणि काढणं हे काम माझ्याकडे आहे.

पूर्वी कुणी नोकरी सोडली की मी त्याचं नाव एकेका ग्रुपमधून हाताने काढत असे. काढण्याआधी त्या माणसाला फोन करत असे. "आज शेवटचा दिवस ना तुमचा? काही राहिलंय का?" बस, एवढंच. कधीकधी तो माणूस गेलेलाच नसायचा, कार्मिक विभागाने भलत्याचंच नाव धाडलेलं असायचं. त्यामुळे देचम्मा विचारल्याशिवाय कुणाला हात लावत नाही, असं माझं नाव झालं होतं. मला त्याचा अभिमान होता. पण या पद्धतीत वेळ जायचा आणि पुष्कळ नावं काढायची राहूनही जायची, हे खरं आहे.

मागच्या वर्षी बाहेरचे तपासनीस आले तेव्हा उघडकीस आलं, की नोकरी सोडून दोन वर्षं झालेला एक पोरगा दर गुरुवारी आमच्या फाटकातून आत येतो, गाडी लावतो आणि कँटीनमध्ये बिसीबेळे भात खाऊन जातो. त्याला धरून विचारलं तर म्हणाला, "नव्या कंपनीत भातावर तूप घालत नाहीत हो." सगळे हसले. आमचे साहेब श्री. शेणॉय हसले नाहीत. मला बोलावून म्हणाले, "देचम्मा, हाताने काढायचं बंद करा. हे आपोआप व्हायला पाहिजे."

मी विचारलं, "आणि फोन कोण करणार?"

"अहो, नोंदीत सगळं असतं. फोन कशाला लागतो?"

मग प्रोग्रॅम मीच लिहिला. कार्मिक विभागाच्या नोंदीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या वरिष्ठाचं नाव असतं. माणूस नोकरीतून गेला की ती जागा रिकामी होते. म्हणून मी असा नियम घातला, की वरिष्ठाची जागा रिकामी दिसली की तो माणूस गेला असं धरायचं आणि त्याला सगळ्या ग्रुपमधून काढायचं. प्रोग्रॅम रोज पहाटे आपला आपण चालत असे. असा प्रोग्रॅम चालवायला कुणा माणसाचं नसलेलं वेगळं खातं लागतं. ते मी मागितलं होतं, मंजुरी काही येईना. शेणॉय म्हणाले, "तोवर तुमच्याच नावावर चालू दे. तुम्ही कुठे पळून जाताय?" त्यामुळे प्रोग्रॅमने कुणालाही काढलं तरी ते मी काढलं असंच दिसायचं. ज्याला काढलं त्याच्या फोनवरही तसाच मेसेज जायचा, की देचम्मा बेळ्ळियप्पा यांनी तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकलं आहे.

जानेवारीपासून कंपनीने माणसं कमी करायला घेतली. कुणाला समोर बसवून सांगत नव्हते. माणूस सकाळी फाटकावर यायचा, कार्ड लावायचा, लाल दिवा लागायचा, की त्याने काय ते समजून घ्यायचं. पत्र मागाहून घरी. ही शरमेची गोष्ट आहे आणि शेणॉय यांना मी ते तोंडावर सांगितलेलं आहे. अशा गेलेल्या माणसाला मग आमच्यातलं कुणी फोनही करत नाही. आपलं कार्ड अजून चालतंय, मग त्याच्याशी काय बोलायचं, असं प्रत्येकाला होतं. मलाही होतं.

दि. ३ फेब्रुवारी रोजी संध्याकाळी अरस यांच्या वरिष्ठाला कमी केलं. कार्मिक विभागाने त्याचं नाव नोंदीतून पुसलं. ते पुसल्याबरोबर त्याच्या हाताखालच्या नऊ जणांच्या नावापुढची वरिष्ठाची जागा रिकामी झाली. त्या नऊ जणांना कुणीही कमी केलेलं नव्हतं. पहाटे माझ्या प्रोग्रॅमला नऊ रिकाम्या जागा दिसल्या आणि त्याने नऊही जणांना सगळ्या ग्रुपमधून काढलं.

दि. ४ रोजी मी कचेरीत पोचायच्या आधीच माझा फोन वाजायला लागला. एक बाई फाटकावरून किंचाळत होत्या, "देचू अक्का, मला काढलंस? अगं, काल घरी जाऊन पोरांना झोपवून पुन्हा तुमचंच काम करत बसले होते मी!" दुसरा एक म्हणाला, "अक्का, काढायचं होतं तर निदान नाश्ता झाल्यावर काढायचंत." आठ जणांचे फोन आले. काय झालं ते माझ्या ध्यानात आलं. तासाभरात मी नऊच्या नऊ जणांना होते त्या सगळ्या ग्रुपमध्ये परत घातलं आणि प्रोग्रॅम बंद केला. नववे अरस होते. त्यांचा फोन आला नव्हता. मला वाटलं, असतील फाटकापाशी गुपचूप उभे, दिवा हिरवा झाला की येतील आत. मी त्यांना फोन केला नाही. हे वाक्य असंच लिहावं, त्याला पुढेमागे काही जोडू नये.

परत घातल्याचा मेसेज कुणाच्या फोनवर जात नाही. आणि फोनवरचं कंपनीचं मेल आणि चॅट एकदा बंद पडलं की ज्याचं त्याला पुन्हा चालू करावं लागतं. म्हणजे अरस यांच्या फोनवर शेवटचा मेसेज काढून टाकल्याचाच राहिला.

त्यानंतर त्यांच्या रिकाम्या खुर्चीबद्दल कुणी चौकशी केली नाही. विचारायला वरिष्ठच नव्हता आणि बाकीचे धरून चालले, की यांनाही काढलं. मी दुसऱ्या इमारतीत बसते. कँटीनमध्ये ते दिसत नव्हते हे माझ्या लक्षात आलं होतं. वेळा चुकत असतील, असं म्हणून मी सोडून दिलं.

सोमवारी दि. १७ रोजी मला खाली फाटकावर बोलावलं. तिथे हवालदार रंगस्वामी, अरस यांच्या पत्नी वसुंधरा आणि पहारेकरी मरिगौडा हे होते. वसुंधरा यांना मी वहिनी म्हणते. त्यांच्याकडून मला कळलं, की अरस रोज नेहमीच्या वेळेला डबा घेऊन स्कूटरवर निघत आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन येत. घरात अवाक्षर बोलले नाहीत. शुक्रवारी दि. १४ रोजी निघाले ते आलेच नाहीत. फोन बंद. स्कूटर रेल्वे स्टेशनाबाहेर सापडली. नंजनगूडला बहिणीकडे गेलेले नाहीत. अरस दोन आठवडे कामावरच आलेले नाहीत, हे वहिनींना त्या दिवशी आमच्या कंपनीकडून पहिल्यांदा समजलं.

मरिगौडा यांनी सर्वांसमक्ष सांगितलं ते असं. दि. ४ रोजी अरस नेहमीप्रमाणे आले, कार्ड लावलं, लाल दिवा लागला. त्यांनी कार्ड शर्टाला पुसून पुन्हा लावलं. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले, तेव्हा ते स्कूटर बाजूला घेऊन उभे राहिले. मरिगौडा त्यांना म्हणाले, "साहेब, चूक झाली असेल. वर फोन तरी लावा. देचम्मा अक्कांना विचारा." अरस यांनी खिशातून फोन काढला, बघितला आणि मरिगौडांना दाखवला. म्हणाले, "त्यांनीच काढलंय, हे बघा नाव. मग चूक नसणार, मरिगौडा. त्या खात्री केल्याशिवाय कुणाला काढत नाहीत." मरिगौडा म्हणाले, "पण तुम्हाला फोन नाही आला त्यांचा?" त्यावर अरस म्हणाले, "माझ्याशी बोलायला जीव झाला नसेल त्यांचा. जाऊ दे, कशाला अवघडवायचं." नियमाप्रमाणे मरिगौडांनी कार्ड काढून घ्यायला हवं होतं. त्यांनी घेतलं नाही. "माझ्याने मागवेना," असं ते म्हणाले.

एवढी वर्षं ज्या सवयीची मी फुशारकी मारली, तिच्यावर विश्वास ठेवून तो माणूस आल्या पावली परत गेला. हवालदारांनी इथे लिहिणं थांबवून पाणी दिलं, ते मी घेतलं.

तेवढ्यात शेणॉय खाली आले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोलिसांना तांत्रिक बिघाड झाला असं सांगा." मी म्हटलं, "बिघाड कसला? मी लिहिलं तेच त्याने केलं. आणि तुम्ही सांगितलंत म्हणून मी लिहिलं. दोन्ही सांगणार आहे." ते म्हणाले, "देचम्मा, आवाज कमी करा." मी केला नाही.

आमचं हे बोलणं चालू असताना वसुंधरा वहिनींनी पिशवीतून अरस यांचं कार्ड काढलं. ते त्यांना कपाटात, घडीच्या शर्टांखाली मिळालं होतं. मरिगौडांपुढे धरून त्या म्हणाल्या, "हे परत द्यायचं असतं ना? मी द्यायला आणलंय." मरिगौडांनी हात पुढे केला नाही. मग वहिनींनी स्वतःच ते कार्ड यंत्राला लावलं. हिरवा दिवा लागला आणि फाटकाचा दांडा वर गेला.

वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, उघडतंय की हे."

मी सांगितलं, "त्याच दिवशी सकाळी चालू केलं होतं मी, वहिनी. तेव्हापासून चालूच आहे."

"मग त्यांना का नाही सांगितलंत, देचम्मा?"

दांडा बराच वेळ वर होता, आत कुणी गेलं नाही, मग तो आपोआप खाली आला.

हवालदारांनी विचारल्यावरून पुढे सांगते की, अरस यांचं कुणाशी भांडण नव्हतं. दारूचं वगैरे व्यसन नाही. रेल्वेने ते कुठे गेले असतील याची मला कल्पना नाही. मी रोज त्यांचा फोन लावते, तो बंद येतो. काल कार्मिक विभागाने मला मेल केला, की अरस न कळवता गैरहजर असल्याने त्यांचं नाव सगळ्या ग्रुपमधून काढावं. मी काढलेलं नाही. त्यापायी माझी नोकरी गेली तरी बेहत्तर, मी काढणार नाही. त्यांचं नाव आज रोजी फाटकाच्या, गाडीतळाच्या, मेलच्या आणि टीमच्या ग्रुपमध्ये आहे. पोलिसांना माझी एवढीच विनंती आहे, की ते जिथे सापडतील तिथे बाकी काही विचारायच्या आधी त्यांना हे सांगावं.

हा जबाब हवालदार रंगस्वामी यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. कंपनीच्या पत्रावरून अरस यांच्या नावाआधी एके ठिकाणी 'माजी कर्मचारी' असं लिहिलं गेलं होतं. त्यातलं 'माजी' मी खोडायला लावलं आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.