अकराचा मायक्रोस्कोप

दवाखान्यात माझ्याशेजारी एक आजोबा आणि त्यांची पीएचडी करणारी मुलगी बसले होते. ती सारखी घड्याळ बघत होती.

"बाबा, मला अकराला लॅबमधला मायक्रोस्कोप वापरायला मिळालाय."

"मग जा की. पण त्यात बघतेस तरी काय?"

"पेशीच्या आत इन्सुलिन कसं पुढे सरकतं ते. हिरवे ठिपके पळताना दिसतात."

"बापरे!"

"तुम्ही सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलंत ना?"

आजोबा चष्मा काढून पुसू लागले.

"बाबा?"

"चार दिवस नाही घेतलं. सिरिंजवरच्या रेघाच दिसत नाहीत गं."

"मग फोन नाही का करायचा?"

"केला होता. तू म्हणालीस, पेशी मरतील, नंतर बोलते."

ती उठली आणि तिने थेट डॉक्टरांचं दार ढकललं.

"डॉक्टर, आधी माझ्या बाबांना बघा. प्लीज."